ऋण काढून सण

‘थकलों बुवा!’ हे दोन शब्द आपल्या घरांतून दिवसांत किती वेळां ऐकूं येतात, याची मोजदाद कोणी ठेविली नसेल. कचेरींतून आलेला पुरुष ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर उच्चारतो. शाळेंतून आलेलें मूल दप्तर फेकतांना उच्चारतें. आणि घरांतली बाई ते बहुधा उच्चारीतच नाहीं, कारण त्यासाठीं क्षणभर बसावें लागतें आणि तेवढी सवड तिला नसते. या शब्दांचा अर्थ आपणांस पुरता ठाऊक आहे, अशा समजुतींत आम्हीं वयाचीं साठ वर्षें काढलीं. ती समजूत आमच्याच घरांत, आमच्याच हातून, एका माणसाला फार महाग पडली. ती हकीकत येथें सांगावयाची आहे. सांगतांना आमची बरीच शोभा होणार आहे. परंतु एका घरांत झालेली चूक दुसऱ्या घरांत टळणार असेल, तर तेवढी शोभा सोसावयास आमची तयारी आहे.

आमचें घर जुन्नरचें. मागील अंगणांत उभें राहिलें कीं शिवनेरी दिसतो. एकत्र कुटुंबें आतां बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं, त्यांतलेंच हें एक. लहानथोर मिळून अकरा माणसें आणि चूल एक. घरांत वडील आम्ही. उभी हयात शाळामास्तरकींत गेली आणि उपदेश करण्याची संवय पेन्शन सुरू झालें तरी सुटली नाहीं. धाकटे बंधु बँकेंत आहेत. त्यांच्या पत्नीला घरांतलीं मुलें ‘काकू’ म्हणतात, म्हणून आम्हीही येथें तिला काकूच म्हणूं. माहेर तिचें शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतलें, घोडेगांवचें. ती या घरांत आली तेव्हांपासून तिच्या पायाला भिंगरी होती. पहांटेचे डबे, दुपारच्या शिकवण्या, संध्याकाळचा आल्यागेल्याचा चहा, आणि गौरी-गणपतींत तर ती केव्हां निजते व केव्हां उठते हें कोणास कळत नसे. आम्हीं तिला बसलेली पाहिली ती मुख्यत्वें फोटोंत.

२०२१ च्या वैशाखांत करोनाची दुसरी लाट आमचा उंबरा ओलांडून आंत आली. घरांतील बहुतेकांस ताप आला. आमच्या सौभाग्यवतींना तर प्राणवायूची नळी लावावी लागली. काकूला सर्वांत कमी झालें. पांच दिवस ताप, थोडा खोकला, इस्पितळाचें तोंड पाहावें लागलें नाहीं. सहाव्या दिवशीं ती उठली आणि बाकीच्यांचें करूं लागली. ज्येष्ठ संपेपर्यंत सारें घर उभें राहिलें. आणि आषाढांत ती पडली.

पडली म्हणजे एकदम अंथरुणाला खिळली असें नव्हे. प्रथम ती दुपारीं निजूं लागली. नऊ तास झोप होऊनही सकाळीं तोंड असें उतरलेलें, कीं जणुं रात्रभर जात्यावर बसली होती. उभी राहिली कीं छातींत धडधड होई, डोळ्यांपुढें अंधारी येई, म्हणून ओट्याला टेकून राही. ज्या बाईच्या तोंडीं किराण्याचा महिन्याचा हिशेब असे, ती ‘लाटणें’ हा शब्द आठवेना म्हणून एकदां हातांनीं लाटल्याची खूण करून थांबली. मुलें हंसलीं, तीही हंसली, पण तिच्या डोळ्यांत भय दिसलें. तें भय आम्हीं पाहिलें, आणि पाहूनही मनावर घेतलें नाहीं.

अर्थात् औषधोपचारांत कसूर केली नाहीं. रक्त तपासलें, थायरॉईड पाहिलें, छातीचा फोटो झाला, हृदयाचा आलेख झाला. सारे कागद निष्कलंक. पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांनीं ते चाळून म्हटलें, ‘यांना कांहीं झालेलें नाहीं. मन रमवा, फिरायला न्या.’ त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, कारण तेंच वाक्य त्यांच्या आधीं महिनाभर आम्ही ओटीवर बसून बोलत होतों. ‘पूर्वींच्या बायका विहिरीचें पाणी ओढीत, दळण दळीत, त्यांना कधीं असलें दुखणें झालेलें ऐकिलें नाहीं,’ हें आमचें लाडकें प्रमेय. त्या पूर्वींच्या बायकांना कांहीं होत असतें तर त्यांनीं तें कोणास सांगितलें असतें, हा प्रश्न त्या वेळीं आम्हांस सुचला नाहीं. काकूनें मात्र हळूहळू सांगणें बंद केलें. आम्हांस वाटलें, गुण येत आहे.

त्याच वर्षीं डिसेंबरांत, मार्गशीर्षांतल्या संकष्टीला, आम्हीं एक बेत काढला. आमच्या गांवापासून लेण्याद्रि तो किती दूर! पायऱ्या तीनशेंच्या आसपास. ‘गिरिजात्मजाचें दर्शन होईल, अंग मोकळें होईल, मनाचें मळभ जाईल,’ असें आम्हीं सांगितलें. काकू कांहीं बोलली नाहीं. तिनें पदर खोचला. पांच ठिकाणीं बसत बसत ती चढली, दर्शन घेतलें, उतरली. रात्रीं चंद्रोदय झाल्यावर सर्वांबरोबर उपास सोडला. आम्हीं विजयी मुद्रेनें म्हटलें, ‘पाहिलेंस? शरीराला वळण लावावें लागतें!’ दुसऱ्या दिवशीं तिनें स्वयंपाकही केला. आमचा आनंद गगनांत मावेना.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं तिला फणी धरून हात डोक्यापर्यंत नेतां येईना. संध्याकाळपर्यंत दिव्याचा उजेड सोसवेना, कुकरची शिटी झाली कीं ती कानांवर उशी दाबून घेई. घांस गिळणें हें काम झालें. पुढचे चार महिने ती अंधाऱ्या खोलींत पडून होती. कूस वळविण्यासही दुसऱ्याचा हात लागे. कधीं तरी फाल्गुनांत आम्ही तिच्या उशाशीं बसलों होतों. काय बोलावें हें सुचत नव्हतें. तीच हळू आवाजांत म्हणाली, ‘दादा, तुम्हीं सांगितलंत म्हणून नाहीं चढलें मी. मलाच वाटलं होतं, कीं आपण खरंच आळशी झालों असूं तर आज कळेल.’

हें वाक्य आम्हीं आजवर कोणास सांगितलें नव्हतें. आम्ही तिच्या दुखण्यावर अविश्वास दाखविला, एवढाच आमचा अपराध नव्हता. तिचा स्वतःवरचा विश्वासही आम्हीं काढून घेतला होता.

या दुखण्याचें नांव आम्हांस कळलें तें त्यानंतर, आमच्याच भागांतल्या एका तरुण डॉक्टरांकडून. ते घरीं आले, दिवा न लावतां बसले, आणि त्यांनीं इतरांनीं न विचारलेला एक प्रश्न विचारला. ‘तुम्हांला काय करतां येतं’ असें न विचारतां ते म्हणाले, ‘केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं काय होतं?’ काकूच्या डोळ्यांतून पाणी आलें. कोणी तरी नेमकें दार ठोठावलें होतें. त्यांनीं सांगितलें, कीं इंग्रजींत याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. दुसरें, भारदस्त नांव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस. पुष्कळदां एखाद्या संसर्गाच्या तापानंतर हें सुरू होतें, आणि करोनानंतर रेंगाळणाऱ्या दुखण्यांपैकीं कांहींचें रूप हुबेहूब हेंच असतें. याला रक्ताची वा यंत्राची निश्चित परीक्षा अद्याप नाहीं. म्हणून प्रथम पांडुरोग, क्षय, थायरॉईड, मधुमेह, मनाची उदासी असलीं इतर कारणें पारखून घ्यावीं लागतात, आणि मग लक्षणांवरून निदान करावें लागतें. सहा महिन्यांहून अधिक टिकलेला व पूर्वींचें जीवन मोडून टाकणारा थकवा, झोपेनें न मिळणारा विसावा, श्रमानंतर उलटून येणारी घसरण, आणि यांच्या जोडीला बुद्धीचा मंदपणा किंवा उभें राहतांच येणारी घेरी, अशी ती लक्षणें २०१५ सालीं अमेरिकेंतील वैद्यक संस्थेच्या अहवालांत मांडलीं आहेत.

यांतली श्रमानंतरची घसरण ही या व्याधीची खरी खूण. आपल्याकडे ‘ऋण काढून सण’ अशी म्हण आहे. निरोगी माणूस थकतो तेव्हां तो आपल्या शिलकेंतलें खर्च करतो. रात्रभर निजला कीं शिल्लक पुन्हां भरते. या रोग्याजवळ शिल्लक नसतेच. तो एखाद्या दिवशीं चढतो, हंसतो, चार माणसांत बसतो, तें सारें कर्जाऊ असतें. आणि सावकार लगेच दारांत येत नाहीं, तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं येतो व व्याजासकट वसूल करतो. पाहणाऱ्यानें सण पाहिलेला असतो. वसुली बंद खोलींत होते. म्हणून पाहणारा म्हणतो, ‘परवां तर छान होती!’ आम्हींही तेंच म्हटलें होतें.

घरीं ग्रंथ होते, पण ते उघडण्याची बुद्धि आम्हांस उशिरा झाली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत निद्रेच्या अनुषंगानें तंद्रा, जांभई, आळस, ग्लानि यांचीं लक्षणें एकापाठोपाठ दिलीं आहेत. तेथें आळस म्हणजे अंगांत शक्ति असूनही कामाविषयीं उत्साह नसणें. आणि त्याहून वेगळा ‘क्लम’, म्हणजे परिश्रम केलेले नसतांना, धाप न लागतां देहांत वाढणारा असा शीण, कीं जो इंद्रियांच्या कामांतही अडथळा आणतो. या दोहोंमधला भेद आमच्या पूर्वजांनीं इतक्या जुन्या काळीं करून ठेविला होता. सुश्रुतांना आजची व्याधि ठाऊक होती असा दावा आम्ही करीत नाहीं. तसले दावे करण्याची आपल्यांत जी खोड आहे ती आम्हांस रुचत नाहीं. परंतु शक्ति असून न करणारा आणि शक्तीच नसलेला, हीं दोन माणसें निराळीं, एवढें तरी त्यांच्या वंशजांनीं विसरावयास नको होतें.

पश्चिमेकडील विद्वानांची कथाही फार निराळी नाहीं, हें वाचून आम्हांस थोडा दिलासा आणि पुष्कळ खेद झाला. १९३४ सालीं लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक इस्पितळांत, १९४८ च्या हिंवाळ्यांत आइसलंडमधील अकुरेरी गांवीं, आणि १९५५ सालीं लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळांत अशा आजारांच्या साथी उद्भवल्या. लंडनला तर जवळजवळ तीनशें कर्मचारी पडले व इस्पितळ कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. १९६९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा आजार मज्जासंस्थेच्या रोगांत नोंदविला. असें असतां १९७० मध्यें दोघां मानसोपचारतज्ज्ञांनीं लंडनच्या साथीचे पंधरा वर्षांपूर्वींचे कागद चाळून, एकाही रोग्याला प्रत्यक्ष न तपासतां, तो सामुदायिक उन्माद असल्याचें लिहिलें. पडलेल्यांत बायका अधिक होत्या, हा त्यांच्या पुराव्यांपैकीं एक होता! पुढें थोडाथोडा व्यायाम वाढवीत नेण्याचा उपाय इंग्लंडांत वर्षानुवर्षें सांगितला गेला. ज्यांना त्यानें अपाय झाला ते रोगी ओरडत राहिले. शेवटीं २०२१ च्या ऑक्टोबरांत तेथील नाइस या अधिकृत संस्थेनें नवीं मार्गदर्शक तत्त्वें काढून, ठराविक टप्प्यांनीं वाढविलेला व्यायाम या रोगावर उपचार म्हणून देऊं नये, असें स्पष्ट केलें. तारीख आम्हीं पुन्हां पाहिली. आमची लेण्याद्रीची स्वारी त्याच वर्षींच्या डिसेंबरांतली. शहाणपण दोन महिने आधीं जगांत आलें होतें. तें आमच्या ओटीपर्यंत पोंचलें नव्हतें.

आपल्या बाजूचा विचार करावयाचा तर आमच्याजवळचें उदाहरण गोव्याचें आहे. तेथें २,४९४ स्त्रियांची पाहणी होऊन तिचा वृत्तांत २००५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत प्रसिद्ध झाला. सहा महिने वा त्याहून अधिक काळ थकव्याची तक्रार करणाऱ्या स्त्रिया शेंकडा बारा निघाल्या. त्या सर्वांना काकूचाच रोग होता असें मात्र नव्हे. थकवा हें लक्षण आहे आणि काकूची व्याधि हा निराळा रोग आहे. पण त्या पाहणींतली एक गोष्ट आमच्या मनांत रुतून बसली. ‘बाईमाणूस थकलें म्हणजे रक्त कमी असेल’ ही आपली नेहमींची समजूत. तेथें रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं थकव्याचा संबंध दिसला नाहीं. संबंध दिसला तो दारिद्र्याशीं, मनाच्या क्लेशाशीं, आणि घरांत बाई म्हणून सोसाव्या लागणाऱ्या कमीपणाशीं. बाईच्या थकव्याचीं मुळें रक्ताप्रमाणेंच घराच्या रीतींतही शोधावीं लागतात.

आणि जीवनाची प्रत म्हणाल, तर डेन्मार्कांतील रोग्यांची तुलना इतर वीस रोगांच्या माणसांशीं करणारा एक लेख २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. चालणें, स्वतःचें आटोपणें, नित्याचीं कामें, वेदना, मनाची चिंता या पांच गोष्टी विचारून जीवनाचें मोल लावावयाचें, अशी ती पद्धति. पक्षाघात, संधिवात, कित्येक प्रकारचे कर्करोग या साऱ्यांच्या खालीं या रोग्यांचा क्रमांक लागला. ज्याच्याविषयीं ‘कांहीं झालेलें नाहीं’ म्हणून सांगितलें जातें, तो माणूस असा तळाशीं असतो.

आतां आमच्या घरीं पुढें काय झालें तें सांगतों. डॉक्टरांनीं प्रथमच बजावलें होतें, कीं रोग मुळापासून काढणारें औषध आज नाहीं. झोप, वेदना, घेरी यांवर थोडेंबहुत उपाय करतां येतात, तेही बेतानें. मुख्य उपाय म्हणजे शक्तीचा हिशेब. हिशेब म्हटल्यावर आमच्या बंधूंना बळ आलें. त्यांनीं एक वही आणली. निरोगी माणसाचा दिवस सोळा आण्यांचा धरला, तर काकूचा त्या वेळीं दीड आण्याचा भरला. त्यांत काय काय बसवावयाचें? स्नान हें एका आण्याचें काम निघालें. म्हणून तें चौथ्या दिवशीं, स्टुलावर बसून. केंस दुसऱ्यानें विंचरावयाचे. दहा मिनिटें बोलणें म्हणजे अर्धा आणा. आणि मनाला लागेल असें बोलणें झालें तर वहींत रकाना पुरत नसे. थकल्यावर बसावयाचें नाहीं, थकण्यापूर्वीं बसावयाचें, आणि थोडी शिल्लक रोज राखावयाची, हा नियम.

हें लिहावयास सोपें, वागावयास फार कठीण गेलें. एकत्र घराची रचनाच अशी, कीं उठत्याला काम सांगावें आणि बसत्याकडे पाहावें. काकूची खोली माडीवरून खालीं आणली, तेव्हां मुलांचा गोंगाट वर न्यावा लागला. मिक्सर केव्हां फिरवावा, याची वेळ ठरली. तिच्या वांट्याचा स्वयंपाक सौभाग्यवतींवर आला. त्यांचेंही वय झालेलें, त्या एक दिवस आमच्याजवळ रागानें म्हणाल्या, ‘ती आजारी आहे हें मला पटतं, पण माझे हातही लोखंडाचे नाहींत.’ रास्त होतें. तेव्हां वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं आम्ही भाजी चिरावयास शिकलों आणि बंधु पोळ्या लाटावयास शिकले. पहिल्या पोळींत महाराष्ट्राचा नकाशा दिसला. पण कोणी उपाशी राहिलें नाहीं. अकरा माणसांच्या घरांत दोन धडधाकट पुरुष इतकीं वर्षें ताटाची वाट पाहत बसत होते, ही गोष्ट आम्हांस त्यानंतर दिसली.

दुसरी चूक आम्हीं प्रेमापोटीं केली. २०२२ च्या गौरींना काकूची प्रकृति किंचित् सुधारून वही चार आण्यांवर आली होती. ती म्हणाली, ‘यंदा मुखवट्यांना कुंकू मी लावीन आणि निऱ्याही मी काढीन.’ साऱ्या घरानें एकमुखानें नको म्हटलें. ती रडली. ‘अगोदर मला आळशी ठरवलंत, आतां देव्हाऱ्यांतली मूर्ति करून बसवूं नका. कर्ज माझं आहे ना? मग सण कोणता करायचा हें मला ठरवूं द्या.’ तेव्हां आम्हांस उमजलें, कीं वहीची गोम कोठें होती. ती वही लिहीत होतों आम्ही. लिहावयास हवी होती तिनें. त्या दिवसापासून वही तिच्या उशाखालीं गेली. दोन दिवस आधीं पडून राहून, खुर्चीवर बसून, तिनें निऱ्या काढल्या. नंतरचे तीन दिवस वसुलीचे गेले, परंतु ती वसुली तिनें जाणून पत्करलेली होती, लेण्याद्रीनंतरची नव्हती. शक्ति दोन्ही वेळां गेलीच. जीवनाची प्रत म्हणजे काय, हें डेन्मार्कच्या पांच प्रश्नांपेक्षां या एका फरकानें आम्हांस अधिक कळलें. पांच आण्यांचा दिवसही माणसाचा स्वतःचा असूं शकतो. सोळा आण्यांचा दिवस दुसऱ्यानें खर्च केला तर तो आपला राहत नाहीं.

समाचारास येणाऱ्यांचा बंदोबस्त हें एक निराळेंच प्रकरण. येणारीं माणसें मायेचीं, पण प्रत्येकाजवळ एक काढा आणि एक उपदेश. येथें आमच्या मदतीला फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई धांवून आल्या. त्यांचा जन्मदिवस १२ मे. तोच दिवस या रोगाच्या जागृतीसाठीं जगभर पाळतात. क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ सालीं परतल्यावर त्या आजारी पडल्या आणि पुढें कित्येक वर्षें बहुतांशीं खोलींतच राहिल्या. त्यांचा आजार नेमका कोणता होता याबद्दल मतभेद आहेत. पण अंथरुणावरून त्यांनीं जें लिहिलें त्यांत हिंदुस्थानांतील सैन्याच्या व खेड्यांच्या आरोग्याविषयींचेंही पुष्कळ लिखाण आहे, आणि हिंदुस्थानांत त्या कधीं आल्या नव्हत्या. हें त्यांना साधलें, कारण भेटीला एका वेळीं एकच माणूस आणि तोही वेळ ठरवून, हा नियम त्यांनीं कठोरपणें पाळला. आम्हीं दारावर पाटी लावली नाहीं, पण सौभाग्यवती ओटीवर बसूं लागल्या. पाटीपेक्षां तें अधिक परिणामकारक ठरलें.

माहेरचा प्रश्न मात्र आम्हांस सोडवितां आला नाहीं. घोडेगांव एरवीं किती दूर! परंतु गाडीचे धक्के, तेथील चार माणसें, पुन्हां परत येणें, यांचा हिशेब पंधरा दिवसांच्या वसुलीवर जातो. म्हणून तिची वृद्ध आईच अधूनमधून इकडे येते. एकदां दोघी मायलेकी बोलत असतां आम्हीं ऐकिलें. आई जुनें आंबेगांव आठवीत होती. तें घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें, कचेरी घोडेगांवीं आहे, पण तालुक्याचें नांव मात्र अजून आंबेगांवच. काकू म्हणाली, ‘माझंही तसंच आहे ग आई. सगळे अजून मला पहिल्याच नांवानं हांक मारतात आणि ती बाई यावी म्हणून वाट बघतात. ती पाण्याखालीं आहे. मी आतां वरच्या अंगाला वस्ती केली आहे. तिथं कोणी येत नाहीं.’ त्या दिवसापासून ‘तूं पूर्वींसारखी केव्हां होणार?’ हा प्रश्न आमच्या घरांतून हद्दपार झाला. तिचा मुलगा तेव्हां आठवींत होता. तो रोज संध्याकाळीं तिच्या पलंगाशीं बसून गणितें सोडवी. चुकलें कीं ती बोलत नसे, नुसतें बोट उचलीत असे. नव्या वस्तींत पहिला पाहुणा तो गेला.

हें सर्व लिहितांना एक गोष्ट मनाला बोंचते. आमच्या घरीं पेन्शन आहे, बँकेचा पगार आहे, अकरांत वांटून घ्यावयास हात आहेत. भीमाशंकराच्या बाजूला रानांत हिरडा वेंचणारी बाई, किंवा नारायणगांवच्या टोमॅटोच्या शेतांत रोजावर जाणारी बाई अशीच पडली, तर तिनें वही कोठून आणावी? तिचा सण नसतोच. तिचें रोजचें जेवणच ऋण काढून होतें. डॉक्टरांचा कागद निर्दोष आला कीं तिची रजा संपली. आपल्या घरीं धुण्याभांड्याला येणारी बाई ‘अंगांत त्राण नाहीं’ म्हणाली, तर त्या वाक्यांत तिचें काय पणाला लागलें आहे, याचा विचार आम्ही हल्ली करतों. पूर्वीं करीत नव्हतों.

काकू बरी झाली, असें या लेखाच्या शेवटीं लिहितां आलें असतें तर आम्हांस किती आनंद झाला असता! ती बरी झालेली नाहीं. कित्येकांना थोडाफार उतार पडतो, पूर्ण बरीं होणारीं थोडीं. लहान मुलांस त्यांतल्या त्यांत आशा अधिक. तिची वही आज पांच-सहा आण्यांच्या आसपास आहे. २०२४ सालीं आमच्या कन्येच्या लग्नांत ती अक्षता टाकण्यापुरती आली आणि त्यापायीं ती दोन आण्यांवर उतरली होती. पुन्हां चढावयास पाऊणेक वर्ष लागलें. ‘माझं धरण पावसाळा सरला तरी भरत नाहीं, दादा, म्हणून आवर्तन जपून सोडायचं,’ असें ती म्हणते. कुकडीच्या कालव्यावर ज्यांचीं शेतें आहेत त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें माणूस असेल, तर त्याचे कागद निर्दोष आहेत म्हणून त्याला दोषी ठरवूं नका. त्याची नीट तपासणी करवा. परंतु तपासणी संपली म्हणजे त्याचें सांगणें संपलें असें समजूं नका. आणि तें ‘पुरे’ म्हणेल तेव्हां ‘आणखी थोडें’ म्हणूं नका.

मागच्या संकष्टीला काकू चंद्रोदयासाठीं अंगणांत येऊन खुर्चीवर बसली. हवा छान होती, मुलें भोंवतीं होतीं, तिच्या मुलानें कांहीं तरी विनोद केला आणि ती मोकळेपणीं हंसली. चंद्र अजून वर यावयाचा होता. दहा मिनिटें झालीं असतील, ती म्हणाली, ‘पुरे,’ आणि उठली. पूर्वीं घरांतून पांच तोंडांनीं एकच आवाज उठला असता: ‘अग, थांब ना, आतां येईलच!’ त्या दिवशीं कोणी कांहीं बोललें नाहीं. मुलानें खुर्ची उचलली, सौभाग्यवतींनीं दार धरलें, आणि ती आंत गेली. चंद्र उगवल्याचें तिला खिडकींतून दिसलें.